आळीत डफ वाजला नाही

फाल्गुन वद्य एकादशी, शके १८०५. ठाणे.

यंत्राचा दांडा पुन्हा ओढला. या खेपेस कागद शिळेला चिकटला नाही. कोपऱ्यापासून हलके हलके सोडवला. अक्षरे उमटली होती. डाव्या अंगाची तेवढी पुसट. शाई पातळ झाली आहे. कागद धरायला हिला बोलावले होते, तिच्या बोटांना शाई लागली.

"लिंबाने निघेल ना हो?"

निघेल म्हणालो. निघाली नाही.

पानाच्या माथ्यावर नावाची जागा अजून कोरी. कलेक्टर कचेरीतली भाषांतरकाराची नोकरी सोडली, मुंबईहून छापण्याची शिळा आणली, ओटीवर यंत्र बसवले, ठाणे-कल्याणचे साप्ताहिक काढतो म्हणून भेटेल त्याला सांगितले. नाव मात्र सुचत नाही. यंत्राचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. लेक उत्तरा त्याला 'आपला रेडा' म्हणते. सहा वर्षांची आहे. दिवसभर यंत्राखाली बसून वाया गेलेल्या कागदांच्या होड्या करते.

फाल्गुन वद्य त्रयोदशी

नावासाठी शब्द जमवतो आहे. एखादी गोष्ट चारचौघांत पोचवणे, या एका अर्थाचे. प्रसिद्ध, प्रसृत, प्रकाशित, विदित, श्रुत, जाहीर: हे कागदावरचे. दवंडी, दांडोरा, डांगोरा: हे रस्त्यावरचे. हिला विचारले. वांगी चिरता चिरता म्हणाली, "बोभाटा. गवगवा. गाजावाजा. चव्हाट्यावर आणणं. आणखी हवेत?"

सगळे निंदेचे. कागदावरचे शब्द ज्या कामाला पुण्य समजतात त्यालाच घरातले शब्द पाप समजतात. बायकांना शिक्षण नाही म्हणून हे असे, असे मी म्हणालो.

"ज्याच्याविषयी सांगतात त्याला विचारून बघा एकदा," ती म्हणाली.

तेवढ्यात कोळीण आली. आवडाबाई रोज आमच्या दाराशी पाटी उतरवते. तिच्याबरोबर तिची नात बायजा असते. ती आणि उत्तरा पायरीवर बसून होड्या करतात. उत्तरेने तिलाही शब्द विचारला.

"आमच्यात हाकाटी म्हंतान, बाय. होडी वाट चुकली का काठावरून समदी हाका मारतान. ती हाकाटी."

शब्द चांगला आहे. वर्तमानपत्राला शोभणार नाही.

फाल्गुन अमावास्या

पहिल्या अंकाचा मुख्य लेख झाला. विषय: मुलांना देवी टोचून घेण्याची आवश्यकता. 'रोगाहून मौन घातक आहे' हे वाक्य बरे साधले. शेवटी पालकांना कळकळीची विनंती.

उत्तरेला अजून टोचलेले नाही. थंडीत टोचणारा शाळेत बसला होता तेव्हा तिला खोकला होता, आणि मी शिळेसाठी मुंबईत. पुढच्या थंडीत करू.

आवडाबाई आज आली नाही.

चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १८०६

गुढी उभारली. कल्याणहून श्रीपाद आला. माझा वर्गबंधू, तिकडे वकिलाकडे कारकून. कल्याणचे वर्गणीदार तोच मिळवणार. कडुलिंब तोंडात धरून तोंड वाकडे करत म्हणाला, "अरे, नाव ठरलं की नाही? लोक विचारतात, मी काय सांगू? बिननावाचं पत्र म्हणजे वाटेत सापडलेलं मूल."

"विदित कसं वाटतं?"

"भटजीच्या पोथीसारखं."

"जाहीर?"

"जप्ती आठवते. अरे, सरळ डांगोरा ठेव."

"डांगोऱ्याने डोकं दुखतं."

"तुझा अंक वाचूनही दुखणारच आहे. आधी सांगितलेलं बरं."

हसलो आणि तेच नाव ठेवले. दुपारी शिळेवर अक्षरे उठवली: डांगोरा. हिला दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाली, "घरच्या ओटीवर डांगोरा." मासळी नसल्यामुळे सणाला नुसते गोड झाले. कोळीण अमावास्येपासून फिरकलेली नाही. उत्तरा रोज बायजासाठी पायरीवर जाऊन बसते.

चैत्र शुद्ध तृतीया

राघो दवंडीवाल्याला बोलावून गावभर अंकाची दवंडी द्यायला सांगितले. कचेरीत होतो तेव्हा माझे मराठी त्याच्याच तोंडून गावात जाई. आवाज अजून खणखणीत आहे. कसे काय ऐकू येते ते पाहावे म्हणून थोडे अंतर ठेवून मागे गेलो. जांभळी नाक्यावर वाजवले, मासुंदा तळ्याच्या काठाने वाजवले, कौपिनेश्वराच्या देवळामागे वाजवले. माणसे दारात आली. 'डांगोरा' या शब्दाला पोरे हसली. मला बरे वाटले.

खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, कोळ्यांची आळी लागते तिथे, तो थांबला. डफ काखेत घातला. पायताणे काढून हातात घेतली आणि खाली मान घालून सबंध आळीतून गेला. पलीकडे निघाल्यावर पायताणे घातली आणि पुन्हा डफ सुरू केला.

परत आल्यावर विचारले. "तिकडे का नाही वाजवलंस?"

"सध्या नाही वाजवत तिकडं, रावसाहेब."

"भांडण झालं का कोळ्यांशी?"

"भांडण कशाला होतंय!"

"मग त्या लोकांना कळायचं कसं?"

"काय कळायचं ते कळलेलं असतंय. वाजलं नाही म्हंजे कळलंच." मग डफाच्या कातड्यावरून हात फिरवत म्हणाला, "तुमी पन जाऊ नका तिकडं."

दवंडीवाल्याच्या तोंडी ही भाषा! मग आम्ही सगळ्यांनीच गप्प बसावे. काहीतरी लपवतो आहे. ताडीचे भांडण असेल, किंवा तिथले कोणी त्याला अंगावर आले असेल. पहिल्याच अंकात स्फुट लिहावे असे मनात आहे: 'गावातील एक आळी दवंडीस वर्ज्य का?'

चैत्र शुद्ध पंचमी

स्वतःच गेलो. सकाळी जाहिरातीचे कागद घेतले, उत्तरेला बरोबर घेतले. तिने बायजाचा धोशा लावला होता. ही देवळात गेली होती, नाहीतर पोरीला उन्हात नेऊ दिली नसती.

आळीत माणसे होती, पण आवाज नव्हता. होड्या ओढून ठेवलेल्या. जाळी वाळत टाकलेली, ती कोणी विणत नव्हते. जेवणवेळ होत आली होती तरी कुठेही तळणाचा वास नाही. कोळीवाड्यात ही गोष्ट मला नवलाची वाटली. बायकांचे केस मोकळे, विंचरलेले नाहीत. कोणाच्या पायात काही नाही. पाडवा होऊन गेला तरी दारांवरचा कडुलिंब काढलेला नाही, उलट ताजा दिसत होता. मासळी लागली नसावी. उपासमारीने माणूस असा सुस्तावतो.

मधोमध उभा राहून जाहिरात वाचायला लागलो. एक म्हातारा पुढे आला. हात जोडून म्हणाला, "वाचाचं तं वाच, भाऊ. पन हलू वाच."

दवंडी हळू वाचायची! मी आवाज चढवला. कोणी अडवले नाही. सगळे जमिनीकडे पाहत उभे राहिले. अशा श्रोत्यांपुढे मी कधी वाचलेले नाही.

आवडाबाई तिच्या दारात होती. आम्हाला पाहून तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"पोरीला घेऊन कशाला आयलाव, भाऊ? न्हे तिला. घरा न्हे."

उत्तरा तिच्या हाताखालून आत पळाली. मी वाचणे संपवले, कागद वाटले, कोणी घेतला नाही तो उंबरठ्यावर ठेवला. मग हाक मारली. उत्तरा आली ती केसांत कडुलिंबाची डहाळी खोवून. म्हणाली, "बायजा निजली आहे. मी तिच्या उशाशी बसले. तिनेच मला हे दिलं."

आवडाबाईने तिला जवळ घेतले नाही. एरवी कडेवर घेते. आज तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि पोरीला हात जोडले. मग मला म्हणाली, "इथलं काय छापू नको, भाऊ."

"इथलं काय?"

"काय पन नको."

तोच दिवस, संध्याकाळ

ही देवळातून आली. उत्तरेच्या केसांतली डहाळी पाहिली.

"कुठली ही?"

"बायजाची," उत्तरा म्हणाली.

हिने डहाळी दोन बोटांनी काढली, तुळशीपाशी नेऊन ठेवली, नमस्कार केला. भर संध्याकाळी पोरीला न्हाऊ घातले. मी काय झाले विचारले तर म्हणाली, "काही नाही." थोड्या वेळाने ओटीवर येऊन उभी राहिली.

"तो देवी टोचणारा आता आणता येईल का हो?"

"आता? चैत्रात? तो हिवाळ्यात येतो. आता मुरबाडकडे गेला असेल."

"मुरबाडला माणूस पाठवला तर?"

माझ्या लेखाचा परिणाम घरापासून सुरू झाला, याचे समाधान वाटले. तिला तसे म्हणालो. पुढच्या थंडीत नक्की, असे सांगितले.

चैत्र शुद्ध सप्तमी

तिने पुन्हा विचारले. या वेळी म्हणाली, "मी माझी पाटली मोडते, पण आणा." मी चिडलो. अंक दोन दिवसांवर आला आहे, मजकूर अर्धा शिळेवर चढायचा आहे, आणि घरात हा हट्ट. काय कारण ते सांग म्हटले. तिने ओठ मिटून मान हलवली. असल्या वेळी तिच्या माहेरचे वळण दिसते; तिची आई अशीच मुकी होऊन बसे.

चैत्र शुद्ध नवमी

अंक निघाला. डांगोरा, अंक पहिला. रामजन्माच्या गर्दीत देवळाबाहेर वाटले. मामलेदारांनी घेतला. शाळेच्या हेडमास्तरांनी देवी टोचण्याचा लेख मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "हरिहरराव, असा माणूस गावाला हवा होता." घरी येऊन हिला सांगितले. तिने जेवायला वाढले. वरण, भात, मीठ. फोडणी नव्हती. तेल संपले आहे का विचारले तर नाही म्हणाली.

चैत्र शुद्ध त्रयोदशी

श्रीपाद कल्याणचे पैसे आणि गप्पा घेऊन आला. त्याने गंमत सांगितली. कल्याणातही दवंडीवाला दोन-तीन ठिकाणी डफ काखेत घालून चालतो. "तुझा स्फुटलेख माझ्याकडून घे. दवंडीवाल्यांचा संप!" बोलता बोलता आत पाणी मागायला गेला, तो तसाच बाहेर आला. "वहिनी केस मोकळे सोडून बसल्या आहेत. बरं नाही का त्यांना?"

मी पाहिले नव्हते.

चैत्र पौर्णिमा

आवडाबाई आली होती. डोक्यावर पाटी नव्हती. पायरीपर्यंत आली नाही, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

"पोर बरी हाय ना, भाऊ?"

"अगदी बरी. बायजा कुठे आहे?"

"गेली. आईकडं."

असे म्हणून वळली आणि खाडीच्या बाजूने चालू लागली. मी आत येऊन सांगितले, बायजाला आईकडे पाठवली म्हणे, मासळी नीट लागेपर्यंत. ही जात्यापाशी बसली होती. जाते फिरत नव्हते.

"बायजाची आई तिच्या बाळंतपणातच गेली," ती म्हणाली.

मग कोणत्या आईकडे, ते विचारायचे राहिले.

चैत्र वद्य द्वितीया

उत्तरेच्या अंगात ताप आहे. पाठ दुखते म्हणते. ऊन फार झाले आहे. काल ती रेड्याखाली बसून होती आणि ओटीचे पत्रे तापतात. कोकमाचे सरबत दिले, ते पोटात राहिले नाही.

दुसऱ्या अंकाची पाने ओढायला घेतली. ही बाहेर आली आणि तिने माझ्या हातावर, दांड्यावर, हात ठेवला. असे तिने कधी केलेले नाही.

"यंत्र बंद ठेवा."

"ताप आहे, कमी होईल. अंक कसा थांबवू?"

"आवाज नको," ती म्हणाली. "तिला आवाज नको आहे."

"उत्तरा म्हणाली तसं?"

तिने दांड्यावरचा हात तसाच ठेवला. यंत्र बंद ठेवले. ओटी इतकी शांत असते हे विसरलो होतो.

चैत्र वद्य चतुर्थी

ताप उतरला. उत्तरा उठून बसली, होडी मागितली. मला फार हलके वाटले, यंत्र पुसून ठेवले. संध्याकाळी हिने दिवा जवळ धरला आणि मला बोलावले. कपाळावर, मनगटावर, तांबडे ठिपके. जिभेवरही.

हिने दिवा खाली ठेवला आणि लेकीला म्हणाली, "या, बाई. बसा." लेकीशी ती असे कधी बोलत नाही.

मी ओटीवर आलो. दाराच्या चौकटीत कडुलिंब होता. केव्हा बांधला ते पाहिले नव्हते. वरचा ताजा होता आणि त्याखाली सुकलेला.

चैत्र वद्य पंचमी

सकाळपासून लिहिण्याचा प्रयत्न केला. 'ठाण्यात देवीची साथ.' याला सर्वांत योग्य पत्र माझेच. कोणत्या आळीत, कोणत्या घरात, केव्हापासून, हे छापले तर लोक आपापली मुले आवरतील. 'रोगाहून मौन घातक' हे वाक्य अंकात माझ्याच नावाने आहे.

कोळ्यांच्या आळीविषयी सगळे लिहिले. दारावरचा पाला, मोकळे केस, थंड चुली. लिहिता लिहिता आतून चुलीचा वास येतो का पाहिले. येत नव्हता.

ही मागे येऊन उभी होती. तिला वाचता येते, मीच शिकवले.

"आपलं घर कुठल्या ओळीत आहे?"

मी म्हणालो, घरांची नावे देण्याची गरज नाही.

"त्यांची दिली आहेत."

शिळा धुऊन टाकली. नावाची अक्षरे वर तशीच होती, तीही धुतली गेली.

चैत्र वद्य षष्ठी

पुळ्या आता टपोऱ्या. डोळे मिटून असते. पाणी कापसाने द्यावे लागते. ही पायांशी बसून आहे, अनवाणी, केस मोकळे; पोरीला कडुलिंबाने वारा घालते. तिच्या बोटांवरची शाई अजून गेलेली नाही.

मला बसवेना म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना विचारले, देवी आलेल्या माणसाला आता टोचले तर? ते म्हणाले, आता काय उपयोग. संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांत टोचले असते तर गोष्ट वेगळी. चैत्र शुद्ध पंचमीनंतरचे दिवस मी तिथेच उभा राहून बोटांवर मोजले. मग मोजणे सोडून दिले.

त्यांनी दौत पुढे ओढली. "केस कुठे आहे? मला कळवावं लागेल. माणसं पाठवून घर बघावं लागेल, पेशंटला गावाबाहेरच्या झोपडीत हलवावं लागेल. कोणाचं घर?"

मला उत्तरा त्या झोपडीत दिसली, एकटी, यंत्राखाली बसल्यासारखी.

"खाडीकडचं," मी म्हणालो. "कोळ्यांच्या आळीतलं."

त्यांनी लिहून घेतले. वर म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. तुमच्यासारख्या माणसांमुळेच बातमी वेळेवर पोचते. उद्या दवंडी देतो."

घरी येऊन हिला यातले काही सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. आमच्या घराबद्दल मी कोणाशी बोललेलो नाही. ती उंबरठ्याबाहेर गेलेली नाही. श्रीपाद कल्याणला आहे. शेजारच्या बायकांनाही काही माहीत नसावे. मात्र आज सकाळी कोणीतरी आमच्या पायरीवर दूध ठेवून गेले होते. हाक न मारता.

चैत्र वद्य सप्तमी, सकाळ

राघो दवंडी देत आला. रस्त्याच्या वरच्या टोकापासून ऐकू येत होते: खाडीकडच्या कोळ्यांच्या आळीत देवीचा आजार आहे, कोणी तिकडे जाऊ नये, ज्यांची मुले टोचलेली नाहीत त्यांनी ती दवाखान्यात आणावी. आवाज खणखणीत होता. आमच्या अलीकडच्या घरापाशी तो थांबला. डफ काखेत घातला, पायताणे काढून हातात घेतली आणि आमच्या दारावरून मान खाली घालून गेला. विहिरीच्या वळणापलीकडे डफ पुन्हा सुरू झाला.